फोटोतली रांग : बातम्या, 'लाभार्थी' आणि आपली ठाम मतं

शब्दखूळ (धागाकर्ती)

परवा जेवताना माझा धाकटा दीर सहज बोलून गेला, "सरकारी मदत घेणाऱ्यांत निम्मे तरी बोगस असतात." मी विचारलं, "तुझ्या ओळखीत असे किती आहेत?" त्याने अगदी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. म्हणाला, "एकही नाही, वहिनी. पण रोज वाचतो ना!"

तेव्हापासून हे 'रोज वाचतो ना' डोक्यातून जात नाहीये. माणूस वाईट नाही तो. अडीनडीला धावून जाणारा आहे. पण ज्यांच्यावर कधी मदत मागायची वेळ आली नाही, त्यांना मदत घेणारा माणूस भेटतो तो बातमीत. (प्रत्यक्षातही भेटतच असणार, पण तो काही कपाळावर लिहून फिरत नाही.) म्हणजे मत आपलं, आणि ते बनवायला लागणारा सगळा माल दुसऱ्या कोणीतरी निवडून दिलेला.

दीर एकटा नाही. २०१३ साली ब्रिटनमध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटी आणि किंग्ज कॉलेज लंडन यांच्यासाठी इप्सॉस मोरी या संस्थेने एक पाहणी केली होती. सरकारी भत्त्यांवर खर्च होणाऱ्या दर १०० पौंडांतले किती लबाडीने लाटले जातात, असा प्रश्न होता. लोकांचा सरासरी अंदाज २४ पौंड. सरकारचा अंदाज ७० पेन्स, म्हणजे पुरता एक पौंडही नाही. चौतीस पट! त्याच पाहणीत २९ टक्के लोकांना वाटत होतं की सरकार पेन्शनपेक्षा बेरोजगार भत्त्यावर जास्त पैसे घालवतं. प्रत्यक्षात पेन्शनचा खर्च पंधरापट होता.

माझा प्रश्न असा आहे: या सगळ्या बातम्या काही खोट्या नसतात. मग खऱ्या बातम्यांतून इतकं चुकीचं चित्र तयार कसं होतं? पेपरात काम केलेले, सरकारी खिडकीच्या अलीकडे-पलीकडे बसलेले, सगळ्यांनी लिहा. फक्त राजकीय पक्षांची धुणी इथे धुऊ नका.

उंटावरचा

झालं, पुन्हा मीडियाच्या नावाने शिमगा.

लबाडी होते म्हणून बातमी होते. चोर पकडला तर छापायचं नाही का? एका माणसाने नीट अर्ज भरला, त्याला वेळेवर पैसे मिळाले, ही बातमी तुम्ही तरी वाचाल का? अमेरिकेत ती 'वेल्फेअर क्वीन' गाजली, सरकारी मदतीवर ऐश करणारी 'राणी'. ती काय कोणी मनाने रचली होती? खरीखुरी बाई होती.

तिरपी रेघ

@उंटावरचा, खरी होती, म्हणूनच तर ते उदाहरण नीट बघण्यासारखं आहे. १९७४ मध्ये शिकागो ट्रिब्यूनने तिच्याबद्दल छापायला सुरुवात केली. १९७६ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारात रोनाल्ड रेगन तिची गोष्ट सभांमधून सांगायचे: ८० नावं, ३० पत्ते, १५ फोन नंबर, वर्षाचं करमुक्त उत्पन्न दीड लाख डॉलर. १९७७ साली कोर्टात ती दोषी ठरली, पण खटल्यात उरली होती चार नावं आणि आठ हजार डॉलरच्या आसपासची रक्कम.

बाई साधी नव्हतीच. तिच्यावर याहून कितीतरी भयंकर गुन्ह्यांचे संशय होते, त्यांत मात्र कोणाला फारसा रस नव्हता. म्हणजे एक अट्टल गुन्हेगार, जिने बाकीच्या उद्योगांबरोबर मदतीचेही पैसे लाटले. बातमीत आणि भाषणात मात्र ती 'मदत घेणाऱ्या बायका कशा असतात' याचा नमुना झाली. बँकेला गंडा घालणारा सापडला तर 'खातेदार मेले असेच' असं आपण म्हणतो का?

लाखात एक होती म्हणून ती छापली गेली, आणि छापली गेल्यावर लाखांची प्रतिनिधी ठरली. यात खोटं काय छापलं असं विचाराल, तर आकडे सोडले तर काही नाही.

मनीप्लांट

वाचतेय. खूण ठेवली आहे.

जुनाडेस्क

सोळा वर्षं पेपरच्या डेस्कवर काढली. आता बाहेर आहे, म्हणून बोलतो. कट वगैरे काही नसतो हो. असता तर बरं झालं असतं, कोणाची तरी मानगूट धरता आली असती.

रात्री साडेनऊला बातमी येते, 'अपात्र लाभार्थ्यांची नावं वगळली'. पानावर तीन कॉलम जागा आहे, फोटो हवा. फोटोग्राफर दुसरीकडे अडकलेला. मग फाईल फोटो शोधायचा. आमच्याकडे 'योजना_रांग' नावाचा फोल्डर होता. त्यात नऊ-दहा फोटो, त्यांतला बरा म्हणावा असा एकच. उजेड चांगला, रांग तिरकी मागे गेलेली, आणि पुढे एक बाई कागदांची पिशवी छातीशी धरून सरळ कॅमेऱ्याकडे बघतेय. मदत वाढली, हाच फोटो. मदत रखडली, हाच फोटो. नावं वगळली, हाच फोटो.

एक दिवस ती बाई ऑफिसात आली. सोबत मुलगा, त्याच्या हातात आमचा अंक घडी घालून. मथळा होता 'बोगस लाभार्थ्यांना चाप' आणि खाली ही. फोटो चार वर्षांपूर्वीचा होता, नवऱ्यामागे मिळणाऱ्या पेन्शनच्या रांगेतला. आमचे वरिष्ठ तिला म्हणाले, "मावशी, तुमचं नाव कुठे छापलंय? आणि खाली 'संग्रहित' लिहिलंय ना." ती म्हणाली, "नाव कशाला छापायला हवं? तोंड ओळखतात की सगळे."

फोटो मी लावला होता. मथळाही माझाच. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

मनीप्लांट

बाप रे.

आकडेमोड

@जुनाडेस्क, तुमच्या त्या फोल्डरवर चक्क संशोधन झालेलं आहे. तुमच्याच नाही, सगळ्या जगाच्या फोल्डरवर.

मार्टिन गिलेन्स नावाच्या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाने १९९६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. टाइम, न्यूजवीक आणि यूएस न्यूज अँड वर्ल्ड रिपोर्ट या तीन साप्ताहिकांचे १९८८ ते १९९२ चे अंक काढले, गरिबीवरच्या बातम्या बाजूला केल्या आणि फोटोतली माणसं मोजत बसला. फोटोतल्या गरिबांपैकी ६२ टक्के कृष्णवर्णीय निघाले. देशातल्या प्रत्यक्ष गरिबांत त्यांचं प्रमाण होतं २९ टक्के. मग तो जुन्या अंकांकडे वळला. १९६४ मध्ये फोटोंतलं प्रमाण २७ टक्के होतं, १९६७ मध्ये ७२. तीन वर्षांत गरिबीचा रंग असा पालटत नाही. पालटला होता बातमीचा सूर. आधी सरकारने गरिबीविरुद्ध पुकारलेल्या लढाईचं कौतुक होतं, मग पैसा कसा वाया चाललाय याच्या बातम्या सुरू झाल्या. सूर कडवट झाला तसे फोटोंतले चेहरे बदलले. पुढे १९८२-८३ च्या मंदीत 'बिचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या' असा सूर लागला, तेव्हा गोरे चेहरे पुन्हा दिसायला लागले!

मला यातली सगळ्यात बोलकी गोष्ट वेगळीच वाटते. गिलेन्सने फोटो निवडणाऱ्या संपादकांनाच विचारलं, देशातल्या गरिबांत कृष्णवर्णीय किती असतील? त्यांचा अंदाज खऱ्या आकड्यापेक्षा जास्त निघाला, पण त्यांच्याच साप्ताहिकांत दिसणाऱ्या प्रमाणापेक्षा बराच कमी. म्हणजे डोक्यातलं चित्र चुकीचं होतं, आणि हातून निवडलं गेलेलं त्याहून चुकीचं. रात्री साडेनऊला हात निवडतो, डोकं नाही.

शब्दखूळ

फोटोंचं झालं, आता माझ्या आवडीच्या विषयावर येते. आयडीला जागायला नको का?

अमेरिकेत जनरल सोशल सर्व्हे नावाची जुनी पाहणी आहे. त्यात काही जणांना विचारतात, सरकार 'वेल्फेअर'वर पुरेसा खर्च करतं का? काही जणांना तेच विचारतात, पण शब्द 'गरिबांना मदत' असा असतो. दुसरा शब्द वापरला की 'सरकार कमी खर्च करतं' म्हणणारे तिपटीच्या आसपास जातात. फरक फक्त शब्दाचा. 'वेल्फेअर' हा शब्द वर्षानुवर्षं कोणत्या मथळ्यांत मळत गेला, ते वर आलंच आहे.

आता आपला शब्द घ्या, लाभार्थी. 'लाभ' म्हटलं की आपल्या कानाला फायदा ऐकू येतो, अवचित मिळालेलं काहीतरी. कोणाची तरी नड भागली असं नाही ऐकू येत. आणि 'अर्थी' म्हणजे इच्छा धरणारा, मागणारा. विद्यार्थीही विद्या मागणाराच, पण त्याच्याकडे बघून कोणी नाक मुरडत नाही. आता हे तीन जण शेजारी उभे करा: निवृत्तिवेतनधारक, करसवलत घेणारा करदाता आणि लाभार्थी. तिघांच्याही घरात आलेला पैसा तिजोरीतून निघालेला, नाहीतर तिजोरीत न पोचलेला. पण एक 'धारक', ताठ उभा. एक 'दाता', उंचावर बसलेला. आणि तिसरा 'अर्थी', हात पसरून.

क्रियापदं तर विचारूच नका. पगार होतो, पेन्शन येते, सवलत मिळते. मदत मात्र लाटतात, उकळतात, उपटतात. आणि देणाऱ्याच्या बाजूने बोलायचं तर खिरापत वाटतात.

तिरपी रेघ

'धारक', 'दाता', 'अर्थी'... दंडवत घ्या ताई.

खिडकी क्रमांक ४

पहिल्यांदाच लिहितेय इथे, सांभाळून घ्या. अकरा वर्षं अर्जांच्या खिडकीवर बसले.

तुम्ही लोक मतं आणि धोरणं यांबद्दल बोलताय. मला बातमीचा परिणाम खिडकीतून दिसायचा. 'बोगस' असा मथळा दोन-तीन दिवस चालला की पुढचे आठ-पंधरा दिवस अर्ज कमी यायचे. लबाडांचे नव्हे हो, भिडस्तांचे. लबाड पेपर वाचून लाजत नाही.

एक बाई तीनदा येऊन फॉर्म घेऊन गेल्या. दर वेळी म्हणायच्या, "शेजारणीला हवाय." तिसऱ्या वेळी मी म्हटलं, "शेजारणीला सांगा, उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि सही इथे करायची." त्या थोडा वेळ कागदाकडे बघत राहिल्या. मग पेन उचललं, सही केली, आणि फॉर्म माझ्याकडे सरकवताना म्हणाल्या, "बाई कष्टाची आहे हो ती. आळशी नाही."

मी काहीच विचारलं नव्हतं.

आणि आम्ही खिडकीच्या आतले तरी काय वेगळे? सकाळी पेपर वाचून आलेले साहेब सांगायचे, आज जरा कडक बघा. कडक म्हणजे काय, तर एक कागद जास्त मागायचा. लबाडाकडे तो कागद तयार असतो. खऱ्या गरजूला त्यासाठी कामाचा एक दिवस बुडवावा लागतो.

उंटावरचा

खिडकीताई, तुमचं पोचलं. खरंच.

पण दोन मुद्दे सोडणार नाही. एक, उलटंही असू शकतं. लोकांना जे आधीच वाटतं तेच पेपर छापतात, कारण तेच खपतं. मग पेपरने मत घडवलं की मताने पेपर? दोन, तो ७० पेन्सचा आकडा काही दगडावरची रेघ नाही. महामारीच्या काळात ब्रिटनमध्ये भत्त्यांतली फसवणूक सरकारी अंदाजातच बरीच वाढली. तेव्हा छापणारे खोटं छापत होते का?

आकडेमोड

दुसरा मुद्दा मान्य. वाढली होती, आणि छापायलाच हवं होतं. एवढंच जोडतो की त्या सरकारी अहवालात 'फसवणूक' आणि 'चूक' असे वेगळे रकाने असतात. चूक अर्जदाराची असते तशी कार्यालयाचीही असते. मथळ्यात येताना तिन्हींची बेरीज होते आणि बेरजेला 'लूट' म्हणतात. त्याच अहवालात अजून एक रकाना असतो, लोकांना मिळायला हवे होते त्यापेक्षा किती कमी पैसे दिले गेले. त्याचा मथळा कोणाला आठवतो का? मला नाही आठवत.

पहिला मुद्दा मात्र खरा कळीचा आहे. नुसत्या पाहणीतून त्याचं उत्तर मिळत नाही, प्रयोग करावे लागतात. शांतो आयंगार यांनी १९८० च्या दशकात ते केले, १९९१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. काही जणांना टीव्हीवरची बातमी दाखवली ती एका गरीब माणसाची गोष्ट सांगणारी. काही जणांना तोच विषय, पण बेरोजगारी किती वाढली, योजनांना कात्री कुठे लागली अशा अंगाने. मग विचारलं, गरिबीला जबाबदार कोण? एका माणसाची गोष्ट पाहिलेले लोक त्या माणसाकडे बोट दाखवायला जास्त तयार. दुसरे लोक समाजाकडे, सरकारकडे. कोणी काय बघायचं हे प्रयोग करणाऱ्याने ठरवलं होतं, त्यामुळे 'आधीच तसं वाटत होतं' ही पळवाट उरत नाही. आणि त्या काळातल्या अमेरिकी वाहिन्यांवर गरिबीच्या बातम्या बहुतेक पहिल्याच प्रकारच्या होत्या.

नीट बघा, गोष्ट त्या माणसाच्या विरोधात असायलाच हवी असं नाही. कळवळ्याने सांगितलेली असली तरी प्रेक्षक एका माणसालाच निरखत बसतो. याने शिक्षण का सोडलं, हिने इतकी मुलं का होऊ दिली.

सांजवात

आकडेमोड, तुमच्या शेवटच्या परिच्छेदावर मला लिहावंच लागेल.

मी 'अर्थी' होते. नवरा आजारी पडला तेव्हा दोन वर्षं मदत घेतली. आता घेत नाही. (बघा, 'आता घेत नाही' हे सांगितल्याशिवाय राहवलं नाही.)

तेव्हा एक पत्रकार घरी आला होता. चांगला मुलगा, मनापासून आमच्या बाजूचा. फोटो काढताना म्हणाला, "ताई, फोन जरा बाजूला ठेवता? लोक म्हणतात, स्मार्टफोन आहे आणि मदत कशाला." आता त्या मदतीचा अर्ज फोनवरूनच भरायचा होता, ओटीपी त्याच फोनवर यायचा. पण ठेवला बाजूला. मग त्याने माझं शिलाई मशीन सरकवून फोटोबाहेर नेलं. मी म्हटलं, अरे, ते असू दे, त्याच्यावरच तर घर चाललंय. तो म्हणाला, "नको ताई, मग परिस्थिती तितकी वाटत नाही."

बातमी छान आली. डोळ्यांत पाणी वगैरे. खाली लोकांच्या प्रतिक्रिया होत्या. तिसऱ्याच प्रतिक्रियेत कोणीतरी लिहिलं होतं, "भिंतीचा रंग नवा दिसतोय."

रंग घरमालकाने दिला होता. आणि "काही काम का करत नाही ही?" असं चौघा-पाच जणांनी विचारलं होतं. मशीन फोटोत असतं तर काय विचारलं असतं, कोण जाणे. नवीन दिसतंय म्हणाले असते.

जुनाडेस्क

मशीन सरकवलं. हे मी केलेलं नाही, पण केलं असतं. तो मुलगा माझ्या डेस्कवर असता तर मी त्याला शाबासकी दिली असती.

शब्दखूळ

सांजवात, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत.

तुमच्या भिंतीच्या रंगावरून डेन्मार्कचं प्रकरण आठवलं. २०११ साली तिथल्या एका डाव्या खासदारबाईंना देशात खरी गरिबी आहे हे दाखवून द्यायचं होतं. मानायला तयार नसलेल्या दुसऱ्या पक्षाच्या नेत्याला त्या मदतीवर जगणाऱ्या एका एकट्या आईच्या घरी घेऊन गेल्या. पेपरांनी तिला 'कॅरिना' असं टोपणनाव दिलं. हेतू पूर्ण कळवळ्याचा. पण तिचा महिन्याचा हिशेब छापून आला, सगळे ठरलेले खर्च जाऊन तिच्या हातात किती उरतात तो आकडा आला, आणि वारं फिरलं. इतके उरतात? मग गरीब कसली? पुढच्या वर्षी टीव्हीवर एक माणूस म्हणाला की नावडती नोकरी करण्यापेक्षा मी मदतीवर राहीन. त्याचा 'आळशी रॉबर्ट' झाला. २०१३ मध्ये तिथे मदतीचे नियम कडक करण्यात आले. त्याला बाकीचीही कारणं होतीच, पण चर्चेत सगळीकडे ही दोन टोपणनावं.

म्हणजे 'लबाड' दाखवा नाहीतर 'बिचारी' दाखवा, एकदा एका माणसाला उजेडात उभं केलं की लोक त्याची झडती घेणारच. आणि बिचारीची परीक्षा जास्त कठीण. लबाडाला फक्त लबाड असावं लागतं, बिचारीला भिंतीच्या रंगापर्यंत सगळीकडे बिचारी असावं लागतं.

उंटावरचा

थांबा, डेन्मार्क? तिथे तर म्हणे लोक आनंदाने कर भरतात. तिथेही हेच असेल तर हा मीडियाचा दोष कसा? माणसाचा स्वभावच म्हणा की.

आकडेमोड

स्वभावाचा भाग आहेच. मायकेल बँग पीटरसन आणि लेने ऑरो यांनी डॅनिश आणि अमेरिकन लोकांची तुलना केली, २०१४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. मदत घेणाऱ्याबद्दल काहीच सांगितलं नाही तर दोन देशांच्या मतांत बरंच अंतर. पण 'हा धडधाकट आहे, कामाची इच्छा नाही' किंवा 'हा नेहमी काम करायचा, अपघात झाला' अशी एखाद-दोन वाक्यं दिली की अंतर जवळपास पुसलं जातं. दोन्हीकडचे लोक पहिल्यावर सारखेच चिडतात, दुसऱ्याबद्दल सारखेच हळहळतात.

आता याचा अर्थ बघा. काहीच सांगितलं नाही तेव्हा माणूस मनातलं साठवणीचं चित्र वापरतो. त्या साठवणीत अंतर आहे. ती कोणी भरली? क्रिस्टियन अल्ब्रेक्ट लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्याने ब्रिटन, स्वीडन आणि डेन्मार्कच्या पेपरांतल्या गरिबांच्या बातम्या ताडून पाहिल्या. ब्रिटिश पेपरांतलं चित्र जास्त नकारात्मक, बाकी दोघांचं बरंच सौम्य. त्यांच्या मते याचं मूळ योजनांच्या घडणीत आहे. मदत निवडक गरिबांनाच असेल तर 'ते' आणि 'आपण' असे दोन गट तयारच होतात, बातमीला ते आयते सापडतात. सगळ्यांनाच काही ना काही मिळत असेल तर 'ते' कोणाला म्हणणार?

म्हणून मी सगळा दोष पत्रकारांच्या माथी मारणार नाही. पण एका ओळीने मत फिरतं म्हटल्यावर, ती ओळ कोण लिहितो याला महत्त्व आहेच की.

परदेशी बाभूळ

उशिरा आले. मतांपुरतंच थांबत नाही हे सांगायला आले.

जर्मनीत २००३ मध्ये बिल्ड या पेपरने एक माणूस शोधला. तो समुद्रकिनारी फ्लोरिडात राहायचा आणि मदत जर्मनीची घ्यायचा. कायद्यानेच मिळत होती. आठवडे ती बातमी चालली, आणि परदेशात राहणाऱ्यांच्या मदतीचा कायदा त्याच वर्षी घाईघाईने बदलला. परदेशात राहून अशी मदत घेणारे सगळे मिळून फार थोडे होते.

नेदरलँड्समध्ये २०१३ साली एका टीव्ही कार्यक्रमाने दाखवलं की बल्गेरियातून माणसं आणून, त्यांची नोंदणी करून सरकारी अनुदानं उचलली जातायत. खरंच घडत होतं. संसदेत गदारोळ झाला, यंत्रणा कडक झाली. मग त्या कडकपणाखाली हजारो पालक सापडले. फॉर्मवरची एखादी किरकोळ चूक, आणि मुलांच्या पाळणाघरासाठी मिळालेली सगळी रक्कम परत मागितली गेली. दुहेरी नागरिकत्व असलेल्यांवर जास्त संशय. संसार उद्ध्वस्त झाले. हे प्रकरण उघडकीला आणण्यात ट्राउ आणि आरटीएल न्यूजच्या पत्रकारांचा मोठा वाटा होता, आणि जानेवारी २०२१ मध्ये सगळ्या सरकारने राजीनामा दिला. म्हणजे जखमेच्या आधीही बातमी आणि नंतरही बातमी.

ऑस्ट्रेलियाचं 'रोबोडेट' (यंत्राने काढलेली देणी) तर याच्याही पुढे. वर्षाच्या उत्पन्नाची सरासरी काढून ती पंधरवड्यांत वाटायची, आणि त्यावरून लोकांना 'तुम्ही जास्त मदत घेतलीत, परत करा' अशा नोटिसा संगणकानेच धाडायच्या. हंगामी कामगाराचं उत्पन्न कुठल्याच पंधरवड्यात सरासरीइतकं नसतं, हे शाळकरी पोरालाही कळेल. पुढे हे बेकायदा ठरलं. २०२३ च्या चौकशी आयोगाच्या अहवालात एक भाग खास या धाग्यासाठी आहे: तक्रार करणाऱ्यांची तोंडं बंद व्हावीत म्हणून तत्कालीन मंत्र्याने मदत घेणाऱ्यांची माहिती माध्यमांत वापरली, आणि आयोगाने त्याला सत्तेचा गैरवापर म्हटलं.

तिरपी रेघ

@परदेशी बाभूळ, नेदरलँड्सचं ते माहीतच नव्हतं. पहिली बातमी देणाऱ्यांना पुढचं कळलं तेव्हा काय वाटलं असेल?

शब्दखूळ

दिराला धागा पाठवला होता. आत्ता उत्तर आलं: "लांब आहे गं वहिनी. मथळा वाचला."

उंटावरचा

😂 तुमच्या दिराशी माझं जमेल.

बरं, जुनाडेस्क, एक राहिलं. त्या मावशींचं पुढे काय झालं?

जुनाडेस्क

विचारालच असं वाटत होतं.

मी दुरुस्ती छापायचा आग्रह धरला. वरिष्ठांनी आढेवेढे घेतले, पण छापली. सातव्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, चार ओळी. 'अमुक तारखेच्या अंकातील संग्रहित छायाचित्राचा सदर बातमीशी संबंध नाही.' मी स्वतः अंक घेऊन त्यांच्याकडे गेलो. मुलाने वाचून दाखवलं. त्यांनी पान हातात घेतलं, उलटं-सुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "यात माझा फोटो कुठाय?"

मी सांगितलं, दुरुस्तीसोबत फोटो छापायची पद्धत नसते.